सवळ पाण्यावर मातीविना भाजी : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा, मिरज, पलूस या पट्ट्यात बऱ्याच शेतांना खालच्या अंगाला एक तुकडा असा असतो, जिथं ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडतो आणि उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी फूट येते. काळ्या जमिनीला वर्षानुवर्षं पाटानं पाणी दिलं आणि निचऱ्याकडं कुणी बघितलं नाही, त्याचं हे फळ. त्या तुकड्यातल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. पूर्वेला जत, कवठेमहांकाळकडं कित्येक बोअरचीही तीच तऱ्हा. असल्या सवळ म्हणजे खारट पाण्यावर हायड्रोपोनिक्स (मातीविना, खताच्या पाण्यावरची शेती) जमेल का, असं मला बरेच जण विचारतात. जमतं. मी करतो आहे. पण गोड्या पाण्याच्या हायड्रोपोनिक्सचे व्हिडिओ बघून तसंच्या तसं करायला गेलात, तर महिन्याभरात रोपं पण जातील आणि उत्साह पण.

एक गोष्ट आधीच सांगतो. क्षारपड जमीन सुधारायची असेल तर हा उपाय नाही. त्याला सच्छिद्र पाईपचा भूमिगत निचराच करावा लागतो, आणि त्यासाठी कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात जाऊन विचारलेलं बरं. इथं आपण फक्त सवळ पाणी वापरात आणायचं बघतोय.

१. आधी पाणी तपासा

साहित्याची यादी मागू नका, आधी पाण्याचा रिपोर्ट आणा. माती-पाणी परीक्षण करणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत नमुना देता येतो. पंप अर्धा तास चालू ठेवा, प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरून झाकण लावा आणि शक्यतो त्याच दिवशी पोचवा. नमुना एप्रिल-मेमधला घ्या. पावसाळ्यात भरलेल्या विहिरीचं पाणी सज्जन वाटतं, त्याचं खरं रूप उन्हाळ्यात दिसतं.

रिपोर्टमध्ये हे आकडे मागून घ्या: ईसी, पीएच, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, सल्फेट, कार्बोनेट-बायकार्बोनेट आणि बोरॉन. नुसता 'टीडीएस' (विरघळलेल्या एकूण क्षारांचा आकडा) लिहून दिला तर परत पाठवा.

ईसी म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं मोजमाप. ते डेसीसायमन प्रति मीटरमध्ये येतं, मीटरवर मिलिसायमन प्रति सेंटिमीटर लिहिलेलं असतं. दोन्ही आकडे सारखेच. शेतीला ०.७ पर्यंतचं पाणी बिनघोर, ३ च्या वरचं अवघड, असा ढोबळ हिशेब जगभर धरतात. समुद्राचं पाणी ५० च्या आसपास असतं. आपल्याकडचं सवळ पाणी म्हणजे बहुधा २ ते ६ च्या दरम्यानचा मामला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पीक निवडताना कामाला येते.

दुसरा बघायचा आकडा बायकार्बोनेटचा. कार्बोनेट आणि बायकार्बोनेट मिळून कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा किती जास्त आहेत, त्याला आरएससी म्हणतात. तो लिटरला १.२५ मिलीइक्विव्हॅलंटच्या आत असेल तर ठीक. २.५ च्या वर असेल तर तुमचं अर्धं आयुष्य पीएच खाली आणण्यात जाईल. बोरॉन लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर निघाला, तर माझं ऐका आणि ते पाणी सोडून द्या.

२. पीक पाण्याला विचारून निवडा

सगळ्यांना सॅलिकॉर्निया ही खाऱ्या पाण्यावरची रसाळ भाजी लावायची असते. भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेनं तिच्यावर काम केलंय, तिच्यापासून वनस्पतीजन्य मीठही काढलंय, त्यामुळं व्हिडिओंत तीच दिसते. पण ती समुद्रकाठची. लिटरला दहा ग्रॅमच्या आसपास मीठ असलं की ती खुलते. आपल्या पाण्यात असतं दोन-अडीच ग्रॅम. म्हणजे विहिरीतल्या मिठानं आधीच जीव मेटाकुटीला आलेला, आणि आपण किराणा दुकानातून आणखी मीठ आणून त्यात टाकायचं. मला हा उद्योग पटत नाही.

आपल्या पाण्याला आपल्याच भाज्या पुष्कळ आहेत. पिकाचं उत्पन्न कुठल्या ईसीनंतर घटायला लागतं, त्याचे ठरलेले आकडे आहेत: लेट्यूस १.३, पालक २, टोमॅटो २.५, बीट ४ आणि घोळ ६.३. हे आकडे मातीच्या संपृक्त अर्काचे (माती पूर्ण भिजवून तिच्यातून काढलेल्या पाण्याचे) आहेत, त्यामुळं टाकीतल्या पाण्याला जसेच्या तसे लावू नयेत. पण कोण दमाचं आणि कोण नाजूक, हा क्रम तोच राहतो. बांधावर फुकट उगवणारी घोळ या यादीत सगळ्यांच्या वर आहे, हे बघून मलाही पहिल्यांदा मौज वाटली होती.

नवख्यानं घोळीपासूनच सुरुवात करावी. तिच्या जोडीला चंदनबटवा घ्या, तो तर खाऱ्या जमिनीतल्या झुडपांच्या कुळातलाच. थंडीत बीट, तेही पानांसाठी. बीट मूळचं समुद्रकाठच्या रानबीटापासून आलेलं, त्याला थोडं सोडियम मानवतं. पालक निम्म्या गोड्या पाण्यात मिसळूनच घ्या. स्ट्रॉबेरी, घेवडा, गाजर यांचं नाव काढू नका.

३. सामान

एका हौदापुरतं लागतं ते एवढंच:

- विटांची चौकट: आतून ४ बाय ६ फूट, खोली सहा इंच
- शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद (कुणाच्या तरी शेततळ्याचा उरलेला तुकडा मिळतो, नवा घेऊ नका)
- थर्माकोलची जाड शीट, नेट पॉट (जाळीच्या छोट्या कुंड्या), कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), रोपांचे ट्रे
- एअर पंप आणि दोन-तीन एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारे)
- ईसी मीटर, पीएच मीटर आणि दोघांची कॅलिब्रेशनची पुडी किंवा द्रावण
- ५० टक्के शेडनेट
- गोड्या पाण्याचं पिंप, झाकणासह

हौदात चार इंच पाणी भरलं की साधारण २२० लिटर होतं. थर्माकोल त्यावर तरंगतो, सहा-सहा इंचांवर भोकं पाडली की सत्तर-ऐंशी रोपं बसतात. पाईपांची चकचकीत मांडणी दिसायला छान, पण तीत पाणी थोडं असतं. उन्हाळ्यात ते तापतं, आणि लाईट गेली की मुळं तासा-दोन तासांत सुकायला लागतात. तरंगत्या थर्माकोलमध्ये निदान झोपेचं खोबरं होत नाही.

खाऱ्या पाण्यात लोखंड, जीआय, पितळ काही टिकत नाही. फिटिंग सगळं प्लास्टिकचं ठेवा. एअर पंप शेतीच्या फीडरवर लावू नका, तिथं लाईट आठ तास. घरच्या सिंगल फेजवर घ्या आणि जोडीला छोटी बॅटरी ठेवा. खाऱ्या आणि कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो, म्हणून हवा बंद पडलेली इथं गोड्या पाण्यापेक्षा लवकर भोवते.

मीटर घेताना एक फसगत हमखास होते. स्वस्तातला टीडीएस पेन पाण्याचा ईसीच मोजतो आणि त्याला ठरावीक आकड्यानं गुणून पीपीएम दाखवतो. काही पेन ५०० नं गुणतात, काही ७०० नं. ३.६ ईसीचं एकच पाणी एका पेनवर १८०० दिसेल आणि दुसऱ्यावर २५२०. मग दोघे मित्र फोनवर भांडत बसतात. थेट ईसी दाखवणारा मीटर घ्या आणि बोलताना ईसीतच बोला.

४. रोपं गोड्या पाण्यातच वाढवा

मोठं झाल्यावर खारं पाणी पचवणारं झाडही बी असताना नाजूकच असतं. उगवण आणि पहिली दोन-चार पानं येईपर्यंत गोडं पाणी द्या, यात काटकसर नको.

कोकोपीट हे इथलं छुपं मीठ आहे. नारळाच्या पट्ट्यातून येतं, पुष्कळदा स्वतःच खारं असतं. मूठभर कोकोपीट गोड्या पाण्यात भिजवा, तासाभरानं पिळून ते पाणी मीटरखाली धरा. १ च्या वर आलं तर धूत राहा. शेवटच्या धुण्यात लिटरला एखादा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी पाणी काढून टाका, म्हणजे त्याला चिकटलेलं सोडियम सुटतं.

घोळीचं बी खसखशीहून बारीक. ते मातीआड करायचं नाही, नुसतं ओल्या कोकोपीटवर भुरभुरायचं. त्याला उगवायला उजेड लागतो. बीटचं बी म्हणजे अनेक बियांचा गोळा, एका ठिकाणी तीन-तीन रोपं येतात. एक ठेवून बाकीची कात्रीनं कापा. उपटायला गेलात तर राहिलेल्याचं मूळही हलतं.

५. खताचं पाणी

तासगावकडच्या द्राक्षबागायतदाराला ही खतं पाठ असतात, त्यामुळं आपल्याकडच्या कृषी सेवा केंद्रात सगळं मिळतं. पालेभाजीसाठी १०० लिटरला:

- कॅल्शियम नायट्रेट ६० ग्रॅम
- १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) ३० ग्रॅम
- ००:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट) १५ ग्रॅम
- मॅग्नेशियम सल्फेट ३० ग्रॅम (रिपोर्टमध्ये मॅग्नेशियम भरपूर असेल तर वगळा)
- ईडीडीएचए लोह ३ ग्रॅम
- चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं, पुडीवर दिल्याप्रमाणे

एवढ्यानं ईसी साधारण दीडनं वाढतो. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या बादलीत विरघळवा, बाकीचं दुसऱ्या बादलीत. दोन्ही घट्ट द्रावणं एकत्र केली तर पांढरा साका खाली बसतो. तुमचा पैसा तळाला, झाडाला काही नाही. १९:१९:१९ आणू नका. त्यातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो, आणि मातीतले जिवाणू नसले की तो मुळांच्या फारसा कामाला येत नाही.

खाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि पालाश यांना खताहून मोठं काम असतं. सोडियम मुळाशी पालाशची जागा घ्यायला बघतो. कॅल्शियम पुरेसं असलं तर मूळ दोघांतला फरक राखून असतं. 'पाण्यात आधीच एवढे क्षार, मग खत कमी घालू' हा विचार ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण नत्र, पालाश, कॅल्शियम कापू नका. ईसी कमीच करायचा असेल तर पाणी गोडं करा.

पीएच ५.५ ते ६.५ ठेवायचा. बायकार्बोनेटचं पाणी तो सारखा वर नेतं आणि कोवळी पानं शिरा हिरव्या राहून पिवळी पडतात. लोह असूनही मिळत नाही, त्याचं हे लक्षण. म्हणूनच वर ईडीडीएचए लिहिलंय, साधं ईडीटीए लोह पीएच चढला की निकामी होतं. पीएच उतरवायला फॉस्फोरिक ॲसिड चालतं. आधी दहा लिटरच्या बादलीत थेंबाथेंबानं टाकून किती मिली लागतं ते बघा, मग हौदाचा हिशेब करा. ॲसिड पाण्यात टाकायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही. हातमोजे आणि चष्मा घालाच. ठिबक धुण्याची सवय झालेले लोक हेच विसरतात.

६. खारेपणा पायरीपायरीनं चढवा

रोपं हौदात आणली की पहिले दोन-तीन दिवस गोडं पाणी आणि खत एवढंच, म्हणजे ईसी दीड-पावणेदोन. मग थोडं पाणी काढून तेवढंच खत मिसळलेलं विहिरीचं पाणी घालत दर दोन-तीन दिवसांनी ईसी एक-दीडनं वाढवा. एकदम खाऱ्यात टाकलं तर भर पाण्यात उभं असलेलं रोप दुपारी मान टाकतं, कारण त्याला ते पाणी ओढताच येत नाही.

किती चढवायचं ते गणितानं ठरवा. विहिरीचा ईसी ३.६ असेल तर निव्वळ विहिरीच्या पाण्यात खत घातल्यावर ५.१ होतो, घोळ आणि चंदनबटवा यांना चालतो. पालक, बीटला निम्मं पावसाचं पाणी मिसळा, म्हणजे पाण्याचे १.८ आणि खताचे दीड मिळून ३.३.

७. मिठाचा हिशेब

इथंच बहुतेकांचं घोडं पेंड खातं, म्हणून सावकाश वाचा.

झाड पाणी पितं, मीठ मागं ठेवतं. घोळीसारखी झाडं थोडं मीठ पानांत घेतात, पण बरंचसं हौदातच राहतं. ३.६ ईसीच्या पाण्यात लिटरला साधारण २.३ ग्रॅम क्षार. हौदात २०० लिटर घेतलं तर ४६० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ अर्धा किलो. झाडं आणि ऊन मिळून रोज दहा लिटर पाणी उडवतात असं धरा. ती तूट तुम्ही विहिरीच्या पाण्यानं भरली, तर रोज २३ ग्रॅम मीठ नव्यानं आत आलं. वीस दिवसांत आणखी ४६० ग्रॅम. पाण्याची पातळी तीच दिसतेय, आणि आतलं मीठ दुप्पट.

म्हणून विहिरीचं पाणी वर सांगितलेल्या पायऱ्यांनी एकदाच घ्या, पण रोजची तूट गोड्या पाण्यानंच भरा. गोडं पाणी पावसाचं सगळ्यात उत्तम. ५० चौरस मीटरच्या पत्र्यावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं, तरी २० हजार लिटर साठतं. एवढ्यावर असे चारेक हौद वर्ष काढतात. आरओ बसवायचा विचार असेल तर एवढं बघा की आरओ मीठ नाहीसं करत नाही. गोडं पाणी एका नळानं आणि जास्तच खारं पाणी दुसऱ्या नळानं देतो. ते दुसरं पाणी कुठं सोडणार?

हौदाशेजारी वही ठेवा: तारीख, ईसी, पीएच, किती लिटर कुठलं पाणी घातलं. मोजणी रोज एकाच वेळी, सकाळी. घोळीच्या हौदाचा ईसी ७ च्या पुढं, पालक-बीटचा ४.५ च्या पुढं गेला की निम्मं पाणी बदला. ईसी तेवढाच आणि तरी पानं फिकी पडतायत, असं झालं तर त्या आकड्यात खत संपून नुसतं मीठ उरलंय असं समजा. मीटरला नत्र आणि मीठ यांतला फरक कळत नाही. म्हणून आकडा काहीही म्हणो, एका पिकानंतर हौद पूर्ण रिकामा करायचाच.

८. काढलेलं पाणी शेतात सोडू नका

सगळी मेहनत करून ते पाणी बांधावरून खाली सोडलं, तर क्षारपड वाढवायला आपणच हातभार लावला. काळ्या जमिनीत सोडियम गेलं की मातीचे कण सुटे होतात, निचरा आणखी बंद होतो आणि जमीन चोपण व्हायला लागते. ओढ्यात सोडलं तर खालच्या माणसाच्या विहिरीत.

एक-दोन हौदांसाठी सोपा उपाय: तेवढ्याच आकाराचा, कागद घातलेला उथळ खड्डा उन्हात करा आणि पाणी त्यात वाळू द्या. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात चार इंच पाणी दोन आठवड्यांच्या आसपास उडतं. खाली राहिलेले क्षार खरवडून पोत्यात भरा. पावसाळ्यात हे चालत नाही. म्हणून मोठी सफाई मेअखेर उरका आणि पहिल्या पावसाआधी वाळवणाच्या खड्ड्यावर झाकण घाला. दहा-वीस हौदांचं युनिट टाकायचं असेल तर आधी वाळवणाची जागा आखा, मग शेड. कंपनीच्या कोटेशनमध्ये ही ओळ शोधा. सहसा सापडत नाही.

९. रोज काय बघायचं

पानाच्या कडा करपून आत सरकत असतील तर क्लोराइड किंवा सोडियम जास्त. मुळं पांढरी असायला हवीत; तपकिरी, बुळबुळीत झाली आणि वास मारला तर पाणी तापलंय आणि हवा कमी पडतेय. पाणी २५ अंशांच्या आसपास राखा. मार्चनंतर शेडनेट आणि वर पांढरा थर्माकोल असल्याशिवाय ते होत नाही.

आणि नेट पॉटच्या तोंडाशी वाकून बघत चला. कोकोपीट पाणी वर ओढतं, ते वाऱ्यानं उडतं आणि रोपाच्या बुडाशी पांढरं कडं धरतं. त्या कड्यात मीठ हौदापेक्षा कितीतरी जास्त, खोड तिथंच भाजतं आणि रोप आडवं होतं. माणूस मात्र मुळं तपासत बसतो. आठवड्यातून एकदा झारीनं गोडं पाणी वरून घालून ते कडं धुऊन टाका.

१०. कागदपत्रं आणि विक्री

घरापुरत्या हौदाला कुठलाही कागद लागत नाही. शेडनेट हाऊस अनुदानातून करायचं असेल तर सातबारा, आठ अ, आधारला जोडलेलं बँक खातं आणि शेतकरी ओळख क्रमांक हाताशी ठेवा, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात येईपर्यंत एक खांबही रोवू नका. आधी बांधून मग अर्ज करणाऱ्यांचं अनुदान अडतं. कुठल्या वर्षी कोणते घटक चालू आहेत ते सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहाय्यक) विचारा.

विक्रीचं स्पष्टच सांगतो. आठवडी बाजारात घोळीची जुडी स्वस्तच जाते, कारण ती बांधावरही मिळते. तुमचा माल चालेल तो वर्षभर आणि स्वच्छ मिळतो म्हणून. आधी वीस-पंचवीस घरं धरा, नंतर हौद वाढवा. कात्रीनं वरून खुडलेली घोळ पुन्हा फुटते, तीन कापण्या सहज निघतात. त्यानंतर देठ निबर होतात.

गिऱ्हाईकाला दोन गोष्टी सांगून माल द्या. ही भाजी अंगचीच खारट असते, तेव्हा फोडणीत मीठ घालायचं नाही, शिजल्यावर चाखून मग काय ते ठरवायचं. ज्यांना रक्तदाबासाठी मीठ वर्ज्य आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावी. आणि घोळ, पालक, चंदनबटवा या तिन्हींत ऑक्झलेट भरपूर असतं, मुतखड्याचा त्रास असलेल्या घरात ती रोज देऊ नका. आमच्याकडं घोळ ताकात, डाळ घालून करतात. ताक आधीच खारं केलेलं असेल तर भाजीचा घास तोंडात धरवणार नाही.